शस्त्रक्रिया नागपूरची, गोळी गावची

आषाढात रोवणी सुरू झाली की भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही मेडिकलसमोर उभं राहावं. "भाऊ, गुडघे लय दुखून राह्यले जी, एखादी जोरातली गोळी द्या ना." दुकानदार नाव विचारत नाही, चिठ्ठी मागत नाही. स्ट्रिप काढतो आणि कात्रीने चार गोळ्या कापून देतो. औषधाचं नाव अर्धं या तुकड्यावर येतं, अर्धं त्या तुकड्यावर राहतं. एक्स्पायरीची तारीख आणि 'डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी' असं सांगणारी लाल रेघ बहुधा दुकानातच राहते. संध्याकाळी चहासोबत एक गोळी पोटात जाते आणि दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा घोटाभर चिखलात वाकून उभी राहते. मोहाडी, लाखनी, साकोली, पवनी, सगळीकडे हे असंच चालतं.

या रांगेत आता अधूनमधून अशी एखादी बाई असते, जिचं जठर दोन वर्षांपूर्वी नागपूरला शस्त्रक्रिया करून लहान केलेलं आहे. तिच्यासाठी ती गोळी इतरांच्या गोळीसारखी नसते. दुकानदाराला हे ठाऊक नसतं. गावातल्या डॉक्टरला ती स्वतःहून सांगत नाही, कारण वजनाच्या ऑपरेशनचा गुडघ्याच्या गोळीशी काही संबंध असेल असं तिच्या मनातच येत नाही. हा आढावा तिच्यासाठी आणि तिच्या घरच्यांसाठी आहे.

लठ्ठपणाची शस्त्रक्रिया ही फक्त श्रीमंतांची किंवा पुण्यामुंबईची गोष्ट राहिलेली नाही. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा विदर्भातल्या पुष्कळ घरांत हा शब्द पहिल्यांदा पोचला. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमदला उपचारासाठी मुंबईत आणलं, तेव्हा तो टीव्हीवरून सगळीकडे गेला. २०१९ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने लठ्ठपणावरच्या उपचारांबाबत पॉलिसीतली भाषा ठरवून दिली. वय १८ किंवा त्याहून अधिक, बॉडी मास इंडेक्स ४० किंवा त्याहून अधिक, अथवा किमान ३५ आणि सोबत गंभीर आजार, शिवाय इतर उपाय करूनही वजन न उतरलेलं, अशा रुग्णाची शस्त्रक्रिया विम्यातून सरसकट वगळता येत नाही. वैद्यकीय संघटनांनी २०२२ मध्ये उंबरठा आणखी खाली आणला आणि आशियाई लोकांना तर २७.५ पासूनच शस्त्रक्रिया देऊ करावी असं म्हटलं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या साधारण चौथाई प्रौढांचं वजन प्रमाणाबाहेर निघालं. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. सकाळच्या गाडीने जाऊन तपासण्या करून संध्याकाळी घरी परतता येतं. अशा शस्त्रक्रिया वाढणारच आहेत, आणि ज्यांना खरी गरज आहे त्यांच्यासाठी ती चांगलीच गोष्ट आहे.

गुडघ्यांनाही तिचा फायदा होतो. शरीराचं वजन एक किलोने उतरलं की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो, असं २००५ मध्ये अमेरिकेतल्या संधिवाताच्या रुग्णांवर केलेल्या मोजणीत दिसलं. तीस किलो उतरलेल्या माणसाच्या गुडघ्याला किती हायसं वाटत असेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. पण झिजलेली कूर्चा परत येत नाही. मणक्याची गादी सरकलेली असेल तर ती सरकलेलीच राहते. वर्षानुवर्षं दुखण्याची सवय झालेली मज्जासंस्था वजनाचा काटा पाहून शांत होत नाही. शस्त्रक्रियेनंतर दुखणं कमी होईल हे खरं, पण जाईलच असं नाही, आणि हे आधी सांगितलेलं नसलं की माणूस हताश होऊन गोळीकडे वळतो.

आता त्या चार गोळ्यांकडे येऊ. त्यात बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा निमेसुलाइड असतं, सोबतीला पॅरासिटामॉल. पॅरासिटामॉल सोडलं तर बाकीची सगळी एकाच कुळातली औषधं. सूज आणि वेदना वाढवणारे प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ शरीरात तयार होतात, ते ही औषधं अडवतात. अडचण अशी की जठराच्या अस्तरावरचा चिकट थर, तिथला रक्तपुरवठा, आम्ल मारणारा क्षार, हे सगळं याच प्रोस्टाग्लँडिनवर टिकून असतं. दुखणं थांबवताना पोटाचं कवचही पातळ होतं.

साबूत जठर हा मार काही दिवस सहन करतं. जठराची बायपास शस्त्रक्रिया झालेलं पोट वेगळं असतं. त्यात जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम तीस मिलिलीटरची, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांची पिशवी ठेवतात आणि लहान आतडं वर ओढून तिला थेट जोडतात. आतड्याचा हा भाग जन्मापासून आम्लापासून लांब राहिलेला असतो. नेहमीच्या वाटेवर ड्युओडिनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागात, आम्ल मारलं जातं आणि मगच अन्न पुढे येतं. इथे ती वाटच वगळलेली असते. या जोडावर अल्सर होतो, त्याला डॉक्टर मार्जिनल अल्सर म्हणतात. तो हळूहळू रक्त गाळतो किंवा एखाद्या रात्री फुटतो आणि पोटात आग पसरते. वेदनाशामक गोळ्या, धूम्रपान आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू ही त्यामागची ओळखीची कारणं. सिगारेट-बिडीचा दोष पुराव्यानिशी दिसलेला आहे. सर्जन मात्र तंबाखू कुठल्याही रूपात नको म्हणतात, आणि आपल्याकडे त्याचा अर्थ खर्रा असा घ्यायला हवा. आपल्या भागात खर्रा घोटणं हे पाहुण्याचं स्वागत करण्याइतकं सवयीचं आहे, म्हणून तो सोडायला सांगणाऱ्या डॉक्टरने घरच्यांनाही समोर बसवून सांगायला हवं.

स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. तिथे आतड्याचा तसा जोड नसतो, त्यामुळे अल्सरचा धोका बायपासपेक्षा कमी. काही सर्जन स्लीव्हनंतर थोड्या दिवसांसाठी ही औषधं देतात, काही पूर्ण टाळतात. बायपासबाबत मात्र असा मतभेद नाही. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की शक्य असेल तर ही औषधं नकोतच. भारतात सर्रास होणारी मिनी बायपासही जोडाचीच शस्त्रक्रिया आहे, हे तिच्या छोट्या नावावरून ध्यानात येत नाही. म्हणून आपलं नेमकं काय झालं आहे, स्लीव्ह, बायपास की मिनी बायपास, हे रुग्णाला तोंडपाठ हवं. 'वजनाचं ऑपरेशन झालंय' एवढं सांगून पुरत नाही.

इथे एका गैरसमजाबद्दल थोडं विस्ताराने लिहिणं भाग आहे, कारण खेड्यात त्याने सर्वाधिक नुकसान होतं. "गोळीने पोट बिघडते, म्हणून मी इंजेक्शनच घेतो जी." डायक्लोफेनॅक कमरेत टोचलं तरी ते रक्तातूनच जठरापर्यंत पोचतं आणि तिथले प्रोस्टाग्लँडिन तितकेच अडवतं. गोळी पोटावर पडून जळजळ करते हा त्रासाचा छोटा भाग, मोठा भाग रक्तातून होतो. गुदमार्गे घ्यायच्या गोळीचंही तेच. 'पोटाला सुरक्षित' म्हणून खपणाऱ्या एटोरिकॉक्सिब किंवा सेलेकॉक्सिबने जठराचा त्रास कमी होतो, संपत नाही, शिवाय मूत्रपिंड आणि हृदयावरचा भार राहतोच. रक्तदाबाची एक विशिष्ट गोळी, सोबत लघवी वाढवणारी गोळी, त्यात ही वेदनाशामक आणि वर विदर्भाचा उन्हाळा, या जुळणीत मूत्रपिंड अचानक बंद पडल्याची उदाहरणं वैद्यकाला चांगली ठाऊक आहेत. शस्त्रक्रियेनंतर पाणी घोट घोट प्यावं लागतं, ढसाढसा पिता येत नाही. म्हणजे मे महिन्यात अंगात पाणी कमी असण्याची शक्यता या माणसांत मुळातच जास्त.

मलम मात्र खरोखर वेगळं आहे. डायक्लोफेनॅकचं जेल गुडघ्यावर चोळलं तर रक्तात पोचणारं प्रमाण गोळीच्या मानाने शंभरात सहाच्या आसपास असतं. गुडघा आणि हाताच्या सांध्यांना ते चांगलं लागू पडतं, कमरेला कमी, कारण तिथे दुखणारी जागा खोल असते. जठर लहान झालेल्या माणसासाठी या कुळातलं काही वापरायचंच, तर पहिली पसंती जेलला, तेही डॉक्टरांना विचारून. हृदयात स्टेंट असलेल्यांची लहान मात्रेची ॲस्पिरिन हा स्वतंत्र विषय आहे. ती भीतीपोटी मनाने बंद करणं अल्सरपेक्षा घातक ठरू शकतं. ती चालू ठेवायची का, आणि सोबत आम्ल कमी करणारी कोणती गोळी घ्यायची, हे हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन मिळून ठरवतात.

अल्सर झालाच तर पॅन्टोप्रॅझोलसारखी औषधं महिनोन्महिने घ्यावी लागतात. २०१७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बायपासनंतरच्या अल्सरमध्ये या गटातल्या औषधाची कॅप्सूल उघडून आतले दाणे घेणाऱ्यांचा अल्सर साधारण तीन महिन्यांत भरला. अख्खी कॅप्सूल गिळणाऱ्यांना जवळपास अकरा महिने लागले. इवल्याशा पिशवीत कॅप्सूल विरघळायला वेळच मिळत नाही, ती तशीच पुढे सरकते. त्या अभ्यासाने मला या साऱ्या विषयाकडे पाहण्याची दिशा दिली: औषध बरोबर असूनही त्याचा आकार चुकू शकतो. पाकिटावर एसआर किंवा ईआर लिहिलेल्या, हळूहळू झिरपणाऱ्या गोळ्यांचं हेच होतं. त्या लांब आतड्याचा हिशेब धरून बनवलेल्या असतात, बायपासने ती लांबी कमी केलेली असते. पण 'मोठी गोळी अडकते' म्हणून अशी गोळी कुटून घेतली, तर दिवसभराची मात्रा एका दमात अंगावर येते. म्हणून कुटायचं नाही, डॉक्टरांकडून साधी गोळी किंवा पातळ औषध बदलून घ्यायचं.

मग उरतं काय? सगळ्यात आधी पॅरासिटामॉल, नियमित वेळेने आणि मोजून. डॉक्टर सहसा दिवसाला तीन ग्रॅमच्या आत राहायला सांगतात. शस्त्रक्रियेनंतर पोटात अन्न कमी आणि प्रथिनं त्याहून कमी असतील तर यकृताची ढाल दुबळी होते, अशांना मर्यादा आणखी खाली. ते मोजायचं कारण असं की ते सर्दीच्या गोळीत असतं, तापाच्या गोळीत असतं, कंबरदुखीच्या मिश्र गोळीतही असतं. मिश्र गोळी घेताना आपण डायक्लोफेनॅकही गिळतो, हे तर वेगळंच.

त्यावरची पायरी म्हणजे ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, मॉर्फिन ही अफूच्या जातीची औषधं. इथे पाश्चात्त्य वैद्यकाचा अनुभव ऐकण्यासारखा आहे. २०१३ मध्ये अमेरिकेत अकरा हजारांहून जास्त रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रियेआधी अशी औषधं कायम घेणाऱ्यांपैकी ७७ टक्के लोक नंतरही घेतच राहिले. वजन उतरलं, पण त्यांची सरासरी मात्रा पुढच्या तीन वर्षांत कमी होण्याऐवजी वाढली. वजन गेलं की गोळी आपोआप सुटते ही समजूत त्या अभ्यासाने मोडली. आपल्याकडे २०१८ पासून ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे आणि गावात या औषधांची वाट अवघड आहे. त्यामुळे अमेरिकेतला सल्ला जसाच्या तसा इथे लागू होत नाही. तिथल्या डॉक्टरांची झोप अफूने उडवली, भंडाऱ्यात धोका दहा-वीस रुपयांच्या डायक्लोफेनॅकमध्ये आहे. तरीही ज्यांना ट्रामाडॉल लिहून दिलं जातं त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बद्धकोष्ठता होते, आणि कमी पाणी पिणाऱ्या माणसात ती जास्त जाचते. मळमळ होते. रक्तातली साखर उतरू शकते. नैराश्याच्या काही गोळ्यांसोबत झटके येण्याचा धोका असतो. बायपासनंतर गोड खाल्ल्यावर घाम सुटणं, भोवळ येणं, हातपाय थरथरणं असा त्रास पुष्कळांना होतोच. तो शस्त्रक्रियेचा की गोळीचा, हे ओळखायला साखर मोजूनच पाहावी लागते.

दारूबद्दल स्पष्ट लिहायला हवं. बायपासनंतर दारू वेगाने रक्तात चढते आणि दुसऱ्या वर्षापासून व्यसन लागण्याचं प्रमाण वाढल्याचं २०१२ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. मोहाची असो की दुकानातली, ती ट्रामाडॉल किंवा प्रीगॅबालिनसोबत घेतली तर झोपेत श्वास मंदावू शकतो. लग्नातल्या एका घोटाचाही हिशेब या माणसांसाठी बदललेला असतो.

नसांच्या दुखण्यावर प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, ड्युलोक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलिन ही औषधं देतात. जठराला ती डायक्लोफेनॅकसारखी इजा करत नाहीत, म्हणून शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आधार मोठा. पण प्रीगॅबालिनने गुंगी येते, पायांवर सूज येते आणि वजन वाढतं. ॲमिट्रिप्टिलिननेही वजन वाढतं, तोंड कोरडं पडतं, शौचाला घट्ट होतं. ज्या वजनासाठी पोट कापून घेतलं तेच गोळीने परत यायला लागलं, तर माणूस खचतो आणि कोणाला न सांगता औषध थांबवतो. ही भीती लाज न बाळगता डॉक्टरांसमोर बोलावी, पर्याय असतात. ड्युलोक्सेटिन बायपासनंतर कमी शोषलं जातं, त्यामुळे ते लागू पडलं नाही तर दुखणं खोटं आहे असा अर्थ होत नाही.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. शस्त्रक्रियेनंतरचं पुष्कळसं दुखणं मुळात गोळीचं नसतं, उणिवेचं असतं. तळपाय जळतात, मुंग्या येतात, अंधारात तोल जातो: बी-१२ कमी पडलेलं असू शकतं. ते शोषायला जठरातलं आम्ल आणि एक प्रथिन लागतं, दोन्ही कमी झालेली असतात. मधुमेहाचं मेटफॉर्मिन आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या त्यात भर घालतात. अशा वेळी प्रीगॅबालिन आणि मिथाइलकोबालामिनची एकत्र गोळी लिहून देण्याचा रिवाज आहे. जळजळ कमी होते, पण बी-१२ ची पातळी मोजली गेली नाही तर नस आतून खराब होत राहते. मांड्या, बरगड्या, कंबर ठणकते, बसलेलं उठवत नाही: ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडून हाडं मऊ झालेली असू शकतात. त्याला संधिवात समजून दिलेलं डायक्लोफेनॅक म्हणजे चुकीच्या दुखण्यावर धोक्याची गोळी. या माणसांना आयुष्यभर कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, लोह, बी-१२ घ्यावं लागतं. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, शक्यतो सायट्रेटचं, कारण कार्बोनेटला आम्ल लागतं. लोह आणि कॅल्शियम दोन तासांच्या अंतराने. विम्याने शस्त्रक्रियेचे लाख रुपये दिले तरी या गोळ्यांचे महिन्याचे पैसे सहसा स्वतःच्या खिशातून जातात, आणि धानाचे चुकारे लांबले की घरात सगळ्यात आधी याच गोळ्या बंद होतात.

एक उणीव तर तासांच्या हिशेबाने मोजावी लागते. शस्त्रक्रियेनंतर उलट्या थांबतच नसतील तर थायमिन हे जीवनसत्त्व संपू शकतं. डोळ्यांना दोन दोन दिसणं, चालताना झोकांड्या, बोलण्यात गोंधळ, ही मेंदूला इजा होत असल्याची लक्षणं. अशक्तपणा आला की सलाईन लावून घ्यायची आपली रीत आहे. ती बाटली ग्लुकोजची असेल आणि आधी थायमिन दिलेलं नसेल तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं. गावातल्या दवाखान्यात सलाईन लावण्याआधी 'माझं पोटाचं ऑपरेशन झालंय, आधी थायमिनचं इंजेक्शन द्या' एवढं सांगता आलं तर एखाद्याची स्मरणशक्ती वाचेल.

पोटदुखीला वेदनाशामक घेऊच नये. वजन भराभर उतरताना पित्ताशयात खडे होतात. बायपासनंतर आतडं आतल्या फटीत अडकू शकतं, दुखणं येतं, जातं, मग एक दिवस जात नाही. गोळीने ते दबलं की निदानाचा वेळ हातचा जातो. शौचाला काळी डांबरासारखी होणं, रक्ताची उलटी, अचानक असह्य पोटदुखी, यापैकी काहीही झालं तर गावात इंजेक्शन घेत न बसता, शस्त्रक्रिया झालेल्या किंवा सर्जन असलेल्या रुग्णालयात जायचं, रात्र असली तरी. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते. पण ती चिकट, डांबरासारखी आणि उग्र वासाची असेल, सोबत चक्कर येत असेल, तर लोहावर ढकलून वाट पाहू नये.

पूर्व विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराला विसरून चालणार नाही. ज्याला सिकलसेल आहे त्याची हाडदुखी पाणी कमी पडलं की उसळते, आणि त्याची मूत्रपिंडंही नाजूक असतात. शस्त्रक्रियेनंतर घोट घोट पाणी आणि वर डायक्लोफेनॅक, हे त्याला दोन्हीकडून मारतं. २०२३ च्या जुलैत सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत लोकांची तपासणी होते. शस्त्रक्रियेला जाण्याआधी त्या तपासणीचं कार्ड फाइलमध्ये लावून ठेवावं.

तुटका धागा दिसतो तो नागपूर आणि गाव यांच्यामधला. मोठ्या रुग्णालयात डिस्चार्जच्या दिवशी आहाराचा तक्ता मिळतो, वजनाचं लक्ष्य मिळतं, पुढची तारीख मिळते. पुढच्या पावसाळ्यात कंबर धरली तर काय घ्यायचं, हे त्या कागदावर क्वचितच असतं. आधीपासून गुडघे किंवा मणका दुखणाऱ्या माणसाची दुखण्याची योजना शस्त्रक्रियेआधीच ठरायला हवी. आज घेत असलेली प्रत्येक गोळी, जेल, चूर्ण पिशवीतून काढून टेबलावर ठेवायचं आणि एकेकीबद्दल विचारायचं: ही चालेल का, हिच्या जागी काय. 'गुडघ्याचं जडीबुटीचं चूर्ण' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेलं आढळतं, म्हणून तीही लपवू नये. फिजिओथेरपिस्टकडून मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आधीच शिकून घ्यावेत. गुडघा पुरता झिजला असेल तर सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया कधी, वजन उतरल्यावर की आधी, हेही त्याच बैठकीत.

आणि एक कार्ड. आधार कार्डाएवढं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं, रोवणीला जातानाही कमरेच्या बटव्यात राहील असं. वर मोठ्या अक्षरांत मराठीत: माझी जठराची बायपास झालेली आहे, अमुक तारखेला. खाली: डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड नको, इंजेक्शनसुद्धा नको. त्याखाली: पॅरासिटामॉल चालेल, दिवसाला इतक्या गोळ्या. आणि शस्त्रक्रिया केलेल्या विभागाचा फोन नंबर, जो रात्रीही उचलला जातो. हे छापायला रुग्णालयाला फार खर्च येत नाही. ते नसेल तर घरातल्या शाळकरी पोरीने वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून दिलं तरी चालेल. मेडिकलवाला कात्री उचलेल तेव्हा काउंटरवर आधी ते कार्ड ठेवायचं.